सिस्टरांचा पेशंट

वजनमापे खात्यात सबंध नोकरी काढून निरीक्षकांनी एकही खोटा शिक्का मारला नव्हता. खोटं बोलायची पहिली वेळ आली ती निवृत्तीनंतर, घरात, बायकोशी, आणि तीही तिच्या पाठीमागे उभं राहून.

बाजारात त्यांना अजून सगळे निरीक्षकच म्हणत. पारड्याखाली चुंबक चिकटवणारे, वजनाच्या बुडातलं शिसं खरवडून काढणारे, गप्पा मारता मारता काट्याला करंगळी लावणारे, असे नाना कलावंत त्यांनी पकडले होते. आजही भाजीची पिशवी हातात आली की ते ती नुसती हलवून बघत आणि "मापात मारलंत ना थोडं?" एवढंच म्हणत. भाजीवाली मुकाट्याने आणखी दोन टोमॅटो टाकी.

त्यांच्या बायकोला मात्र कुणी तोलून बघितलं नव्हतं. त्या मोठ्या रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डाच्या प्रमुख होत्या. भलेभले पहिलवान त्यांच्यापुढे मुकाट्याने कुशीवर वळत आणि इंजेक्शन घेत. सगळं जग त्यांना सिस्टर म्हणायचं, म्हणून नवऱ्यानेही थट्टेत तेच सुरू केलं. थट्टा संपली, हाक राहिली. उलट दिशेने हाक एकच होती, "अहो". ती स्वयंपाकघरातून आली की निरीक्षकांना सुरावरून कळायचं की दूध उतू गेलंय, की मुलगी उशिरा आलीय, की नुसतंच कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय.

मग सिस्टर विसरायला लागल्या. आधी चष्मा गेला, मग किल्ल्या, मग नात्यांचा नंबर लागला. भाचे गेले, शेजारी गेले, आणि एके दिवशी चहाचा कप पुढे ठेवत त्या निरीक्षकांना म्हणाल्या, "घ्या आजोबा, गरम आहे, फुंकून प्या."

आजोबा म्हटल्याचं निरीक्षकांना वाईट वाटलं नाही. वय होतंच. पण सिस्टरांच्या वॉर्डात प्रत्येक म्हातारा आजोबाच असे, आणि आपणही त्या रांगेत एका खाटेवर जाऊन पडलो, हे त्यांना कळून चुकलं. त्या दिवसापासून "अहो" बंद झालं.

मेंदूच्या डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी सिस्टरांना मळमळायचं, आणि दुसरी अडचण त्याहून मोठी होती. हातात आलेली गोळी स्वतः खायची, हे सिस्टरांच्या शिस्तीत बसत नव्हतं. गोळी ही पेशंटला द्यायची वस्तू. एकदा त्यांनी ती दारात आलेल्या कुरिअरवाल्याला दिली. "पाण्याबरोबर घ्या आणि दोन दिवस तेलकट खाऊ नका," असं इतक्या अधिकाराने सांगितलं की तो घेणारच होता. निरीक्षकांनी त्याच्या हातून ती हिसकून घेतली, तेव्हा त्याने "काका, मला खरंच पित्ताचा त्रास आहे हो," अशी तक्रार केली.

"मग पॅच लावू, म्हणजे औषधाची पट्टी," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी एक, पाठीवर वरच्या बाजूला, जिथे त्यांचा हात पोचणार नाही. आधी जुना काढायचा, मगच नवा. जागा रोज बदलायची. तळहाताने दाबून धरायचा. औषध कातडीतून आत जातं, पोटाला त्रास कमी."

मुलगी एका मोठ्या कंपनीत माणसं नेमायच्या आणि काढायच्या विभागात होती. तिने गोळी आणि पट्टी या दोघींची जणू मुलाखतच घेतली. गोळी अनुभवी, पण पोटाशी भांडणारी. पट्टी शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पट्टीची नेमणूक झाली.

"बाबा, आता फक्त तुम्ही लावायची," मुलगी म्हणाली. "एवढं जमेल ना?"

"मी पेट्रोलपंप सील केलेत," निरीक्षक म्हणाले.

पेट्रोलपंप उलटून बोलत नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या लक्षात आलं.

"सिस्टर, जरा पाठ करा इकडे."

"कशाला?"

"औषध लावायचंय."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"माझ्या वॉर्डात मला न विचारता?" सिस्टर ताठ झाल्या. "आणि पेशंटने सिस्टरला औषध लावायचं, हे कधीपासून सुरू झालं इथे? व्हा आडवे."

या गडबडीत पट्टीचं पाकीट खाली पडलं. ते उचलायला निरीक्षक वाकले आणि "आई गं" करत अर्ध्यातच अडकले. त्यांची कंबर बरीच जुनी आणि दुखरी होती. हाडांच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी दिलेल्या मोठ्या चौकोनी पट्ट्या खणात पडून होत्या, कारण स्वतःच्या कमरेला स्वतः पट्टी लावणं ही कसरत कंबर न दुखणाऱ्यालाच जमते.

ते "आई गं" सिस्टरांच्या कानावर पडलं आणि त्यांचा चेहराच बदलला. चाललेलं बोलणं तिथेच तुटलं. "कंबर ना? कधीपासून? पायात कळ जाते का?" बोलता बोलता त्यांनी खण उघडला, पाकीट काढलं, त्यावरचा मजकूर वाचला, फाडण्याआधी पुन्हा वाचला, आणि रिकामं पाकीट टाकण्याआधी आणखी एकदा वाचला. हात धुतले. तळवे एकमेकांवर घासून ऊबदार केले. सकाळी ज्या हातांना गाउनची बटणं लागत नव्हती त्याच हातांनी पट्टी अशी बसवली की एक सुरकुती पडली नाही.

"झालं, आजोबा. आता जरा वेळ वाकायचं नाही."

निरीक्षक पालथे पडल्या पडल्या विचार करत होते. खात्यात एक गोष्ट ते शिकले होते. लबाड दुकानदाराशी भांडू नये, गिऱ्हाईक होऊन त्याच्याकडून एक किलो साखर विकत घ्यावी.

"सिस्टर, दिवसभर उभं राहून तुमचीही पाठ दुखत असेल."

"दुखते की. आम्हाला कोण विचारतंय?"

"मग तुम्हालाही एक लावू?"

सिस्टरांनी जरा विचार केला. "लावा. पण वर लावा, मानेच्या खाली. तिथे नीट धरते." त्या खुर्चीत पाठमोऱ्या बसल्या. "पाठदुखीचीच आहे ना ही?"

निरीक्षकांनी छोटी गोल पट्टी तळहाताने दाबून धरली. "पाठदुखीचीच."

खोटा शिक्का असा बसला, आणि छान बसला.

त्यानंतर रोजची सकाळ ठरून गेली. आधी आजोबांची कंबर, मग सिस्टरांची पाठ. पेशंट आधी, हा नियम. सिस्टर काही फार सुधारल्या नाहीत, पण घसरण थांबल्यासारखी झाली. मुलगी फोनवर "प्रोसेस सेट झाली म्हणायची" असं म्हणाली. आणि घरात एक छोटासा वॉर्ड सुरळीत चालू राहिला. त्यात एकच खाट होती, आणि त्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सिस्टर नावाने ओळखत नव्हत्या, एवढीच उणीव.

नवा खोका आणला त्या सकाळी निरीक्षकांकडून चूक झाली. रोज ते खोका लपवून गोल पट्टी पाकिटातून आधीच काढून ठेवत. त्या दिवशी आंघोळीला उशीर झाला. ते बाहेर आले तेव्हा सिस्टर खिडकीपाशी उभ्या होत्या. हातात खोक्यातला तो घडीचा बारीक अक्षरांचा कागद होता, जो औषध बनवणारा आणि सिस्टर सोडून जगात कुणीही वाचत नाही.

"हे औषध कुणाचं?"

"कुठलं?"

"हे. विसरण्याच्या आजाराचं आहे. कुणाला लागतंय?"

निरीक्षकांनी टॉवेल उगाच दुसऱ्या खांद्यावर घेतला. "ते... आपलंच आहे."

"आपलंच म्हणजे कुणाचं?" सिस्टरांनी कागद खाली ठेवला आणि त्यांच्याकडे टक लावून बघितलं. मग हळू आवाजात, जसं वॉर्डात विचारत तसं, विचारलं, "आज वार कोणता?"

निवृत्त माणसाला विचारू नये असा हा प्रश्न आहे. "मंगळवार," निरीक्षक म्हणाले. "थांबा. की बुधवार? काल कचरेवाला आला होता का?"

"रात्री काय जेवलात?"

निरीक्षकांना खरंच आठवेना. समोर बायको अशी बघत असताना कुणाला आठवलं असतं?

सिस्टरांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. त्या पुढे आल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं. स्वतः शेजारी बसल्या. वॉर्डातल्या पेशंटच्या शेजारी सिस्टर कधी बसत नाहीत, उभ्या राहतात.

"अहो," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं का नाहीत?"

निरीक्षक टॉवेलाची घडी घालू लागले.

"घाबरलात होय? लपवून ठेवायचं असतं का असं? मी आहे ना. आपण बघू."

सांगायचं खरं वाक्य निरीक्षकांच्या जिभेवर तयार होतं. आजार तुझा आहे. तीनच शब्द. पण शेजारी बसलेल्या बाईला नवरा परत सापडला होता, आजारी का होईना. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांच्यासाठी होतं. निरीक्षकांनी ते वाक्य गिळलं.

त्या दिवशी गोल पट्टी त्यांच्या पाठीवर लागली. चौकोनी सिस्टरांनी स्वतःच्या कमरेला लावून घेतली, कारण पाठ त्यांची दुखत होती, हे तर आजोबांनीच सांगितलं होतं.

दुपारपर्यंत सगळं सरळ करू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण सिस्टरांना फसवणं सोपं नव्हतं. त्यांची स्मृती गेली होती, नोकरी गेली नव्हती. पाकिटं बदलून बघितली, तर त्यांनी वाचून परत जागच्या जागी ठेवली. त्यांच्या पाठीला गुपचूप गोल पट्टी लावू म्हटलं, तर "दाखवा आधी, दोघांनी वाचल्याशिवाय औषध लागत नाही." एकदा त्या दुपारी झोपल्या असताना निरीक्षक पट्टी घेऊन चोरपावलांनी गेले आणि गाउनची मान हलकेच खाली ओढली. सिस्टर जाग्या झाल्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की एक परका माणूस आपले कपडे ओढतोय. त्या अशा किंचाळल्या की वरच्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई पेटीवरून उठून धावत आल्या. त्यांनी निरीक्षकांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने निरीक्षकांनी एकेकाळी मापात मारणाऱ्या रॉकेलवाल्याकडे पाहिलं होतं. तो प्रयोग पुन्हा झाला नाही.

स्वतःची पट्टी न्हाणीघरात काढून टाकावी, तर संध्याकाळी राउंड असे. सिस्टर शर्ट वर करून बघत. "परत काढलीत? असं करू नये हो. तुमच्याच भल्याचं आहे." आणि नवी लागे.

मुलीला फोन करून सांगता आलं असतं. डॉक्टरांना सांगता आलं असतं. निरीक्षकांनी दोन्ही गोष्टी उद्यावर टाकल्या, आणि उद्या सकाळी सिस्टर म्हणत, "अहो, उठलात का? कसं वाटतंय?" एवढं ऐकलं की तो उद्या परवावर जाई.

दुपारी सिस्टर त्यांच्या आठवणीचा व्यायाम घेत.

"आपण पहिल्यांदा कुठे भेटलो, सांगा बघू."

"नाही बुवा आठवत," निरीक्षक म्हणत. या खोट्याचं मात्र त्यांना काही वाटत नसे. "तूच सांग."

"अहो, तुम्ही वॉर्डातला वजनकाटा तपासायला आला होतात! खाकी पिशवी घेऊन. काट्यावर तुमची वजनं ठेवलीत आणि मला म्हणालात, सिस्टर, तुमचा काटा दोन किलो जास्त दाखवतो. मी म्हटलं, दाखवू दे. माझ्या पेशंटना बरं वाटतं."

"मग?"

"मग काय, तुम्ही काटा सील केलात. मी चार दिवस भांडले तुमच्याशी. पाचव्या दिवशी तुम्ही सील काढायच्या निमित्ताने आलात आणि काटा सोडून सगळीकडे बघत बसलात."

निरीक्षकांना ही गोष्ट पाठ होती. तरी ते दरवेळी "हो का?" म्हणत आणि सिस्टर त्यांच्या गुडघ्यावर थोपटत. "येईल, येईल आठवायला."

पण औषध आपलं काम करतं, ते पाठीचा मालक कोण हे विचारत नाही. निरीक्षकांना मळमळायला लागलं. जेवणाचा वास नकोसा झाला. विजार ढिली झाली. काट्यावर उभं राहिल्यावर आयुष्यात प्रथमच त्यांनी काट्यावर अविश्वास दाखवला, उतरून परत चढून पाहिलं. काटा बरोबर होता. त्यांचं वजन घटत होतं. सिस्टरांचं जे घटत होतं, ते मोजायचं यंत्र खात्याकडेसुद्धा नव्हतं. त्या गाउनवर गाउन घालू लागल्या. चहात मीठ टाकू लागल्या. मुलगी आली की तिला "नवीन लागलेली ना तू? केस नीट बांध," म्हणू लागल्या. मुलगी केस बांधून घ्यायची आणि मग गॅलरीत जाऊन उभी राहायची.

"पॅचचा परिणाम दिसत नाहीये," तिने डॉक्टरांना फोनवर कळवलं. डॉक्टरांनी डोस वाढवला. निरीक्षकांचा.

"बाबा, तुम्ही किती वाळलात," मुलगी म्हणाली. "आईची काळजी घेता घेता स्वतःकडे बघत नाही तुम्ही."

"तीच बघते माझ्याकडे," निरीक्षक म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

एका दुपारी सिस्टरांनी पुन्हा ती गोष्ट काढली. वॉर्ड, काटा, खाकी पिशवी. चार दिवसांचं भांडण. पाचव्या दिवशी तो माणूस परत आला. इथे त्या थांबल्या. त्यांनी निरीक्षकांकडे पाहिलं, अगदी प्रेमाने पाहिलं, आणि विचारलं, "अहो, पुढे काय झालं हो त्या वजनमापेवाल्याचं?"

निरीक्षकांना वाटलं, थट्टा करतेय. तसं नव्हतं.

"लग्न केलं त्याने," ते म्हणाले.

"बरं झालं. चांगला होता बिचारा. कुणाशी केलं?"

निरीक्षक उठले आणि न्हाणीघरात गेले. मळमळ नेहमीचीच होती, तरी त्या दिवशी जरा जास्त वेळ नळ वाहत राहिला. बाहेर सिस्टर दार वाजवत होत्या. "अहो, उलटी झाली का? पडाल हं, कडी लावू नका." हाक तीच होती. एवढी हाक ऐकायला मिळावी म्हणून आपण पारड्यात दुसऱ्या बाजूला काय काय टाकत होतो, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एखाद्या किराणेवाल्याने असं केलं असतं, तर त्याचं दुकान त्यांनी महिनाभर बंद ठेवलं असतं.

डॉक्टरांकडची पुढची वेळ ठरलेलीच होती. मुलगी रजा काढून आली. डॉक्टरांनी कागद चाळले, सिस्टरांना चार प्रश्न विचारले, एकाचंही उत्तर आलं नाही. "आणखी एक पायरी वर जाऊ," ते म्हणाले. "यापुढे मात्र वरचा डोस नाही."

"थांबा," निरीक्षक म्हणाले.

ते उठले, शर्टाची बटणं काढली आणि डॉक्टरांकडे पाठ करून उभे राहिले. मानेखाली गोल पट्टी होती, नीट बसवलेली, एकही सुरकुती नसलेली.

 पहिल्या बोलल्या त्या सिस्टर. "विसरतात हे," त्यांनी डॉक्टरांना समजुतीने सांगितलं. "स्वभावाने फार चांगले आहेत. मी बघते त्यांचं सगळं."

डॉक्टरांनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि मग समोरच्या कागदावरचं नाव वाचून घेतलं.

"बाबा!" मुलीचा आवाज चिरकला. "किती दिवस चाललंय हे?"

"बरेच."

"म्हणजे आईला औषधच नाही? आणि तुम्ही गप्प? लोकांचे तराजू तपासत फिरलात आयुष्यभर! मला मापातला दहा ग्रॅमचा फरक सहन होत नाही म्हणायचात!"

"हो," निरीक्षक म्हणाले. ते शर्ट घालत होते आणि त्यांना बाही सापडत नव्हती. सिस्टरांनी ती धरून त्यांचा हात आत घातला.

"का पण?" मुलीने विचारलं.

निरीक्षक शर्टाची बटणं लावत राहिले. जे उत्तर होतं ते मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. आईने हाक मारावी म्हणून, हे बापाने कुठल्या तोंडाने सांगायचं?

डॉक्टरांनी त्यांची नाडी पाहिली, ती मंद होती. पट्टी तिथेच काढायला लावली. मग खुर्ची पुढे सरकवून त्यांनी सांगितलं की आता सिस्टरांचं औषध परत खालच्या डोसपासून सुरू करावं लागेल. मध्ये गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही. पट्टीच ठेवायची तर घरात रोज दुसरं कुणी येऊन लावायला हवं, आणि सिस्टर ते करू देतील असं त्यांना दिसत नव्हतं. दुसऱ्या प्रकारची गोळी होती, दिवसातून एकदाच, आधीच्यापेक्षा पोटाला सौम्य.

"पण ती त्यांनी समजून घ्यायला हवी," डॉक्टर म्हणाले. "पॅच लावायला नुसती पाठ मिळाली तरी भागतं. गोळीला पेशंट लागतो."

"जेवणात कुटून घालू?" मुलीने विचारलं.

"नको," निरीक्षक म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "फसवणूक पुरे झाली. मी सांगतो तिला."

"आणि तिने ऐकलं नाही तर?"

"तर ये आणि ओरड माझ्यावर. तुला सराव झालाच आहे."

मुलगी रागातही थोडीशी हसली, आणि हसली म्हणून तिला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर हात धुऊन आल्या आणि टेबलावरचा गोल पट्ट्यांचा खोका शोधू लागल्या. तो मुलीने आदल्या दिवशीच नेला होता. तिथे आता गोळ्यांचं पाकीट आणि पाण्याचा ग्लास होता.

"अहो, तुमचं औषध कुठे गेलं?"

"बंद केलं. बरा झालो म्हणाले डॉक्टर." हे निरीक्षकांच्या तोंडून इतकं सवयीने निघून गेलं की त्यांचे तेच दचकले.

"या आजारात बरं होत नाही कुणी," सिस्टर सहज म्हणाल्या. "किती पाहिलेत मी वॉर्डात." त्यांनी गोळ्यांचं पाकीट उचललं, वाचलं, एक गोळी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "हे दिलंय होय त्याऐवजी? आ करा."

निरीक्षकांनी त्यांचं मनगट धरलं. "अगं, बस जरा."

अगं म्हटलेलं त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं. सिस्टर बसल्या.

"मी विसरत नाही. तू विसरतेस. ही गोळी तुझी आहे."

"मी?" सिस्टर हसल्याच. "मला वॉर्डातल्या खाटा न् खाटा पाठ आहेत. कोणाला काय, किती वाजता."

"आहेत. पण आता वॉर्ड नाही. हे घर आहे आपलं. मी तुझा नवरा आहे आणि पेशंट तू आहेस."

सिस्टरांचा चेहरा लाल झाला. "कोण म्हणतं?" मग "उगाच काहीतरी." मग त्या हातातल्या गोळीकडे बघत राहिल्या. अंगावरच्या दोन गाउनांपैकी वरच्याची बटणं त्यांनी चाचपली, खालच्याची चाचपली, आणि हात मांडीवर ठेवले.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. विसरलीस."

सिस्टरांनी मान हलवली. "मग आहे खरा तो आजार." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या पट्ट्या?"

"तुझ्या होत्या."

"आणि तुम्ही लावून घेतल्यात? मळमळलं नाही?"

"मळमळलं की."

"गाढव आहात अगदी. का लावून घेतल्यात?"

निरीक्षकांनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. "तू लावत होतीस म्हणून."

 सिस्टरांनी पाकीट पुन्हा वाचलं. गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायल्या, आणि एकदम तोंड उघडून त्यांच्यापुढे धरलं.

"काय?"

"बघा ना. जिभेखाली बघा, गालात बघा. असले पेशंट लबाड असतात. वरवर पाणी पितात आणि नंतर कुंडीत थुंकतात."

निरीक्षकांनी चष्मा लावला आणि वाकून नीट पाहिलं. आधी डावा गाल, मग उजवा. "नाही. गेली."

"उद्या मला यातलं काही आठवणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "परत सांगावं लागेल."

"सांगेन."

"भांडेन मी."

"भांड."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच भांडल्या. "आजोबा, तुम्हाला हा अधिकार कुणी दिला? तुम्ही आधी आपल्या खाटेवर जा," असं म्हणून त्यांनी ग्लास ढकलून दिला आणि टेबलभर पाणी झालं. निरीक्षकांनी ते फडक्याने पुसलं, ग्लास पुन्हा भरून आणला, खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.